प्रकल्प नोंदी : १९१० सालचे पुणे आणि एक बनावट मृत्युपत्र

३ जून २०२४

कादंबरीचा पहिला खर्डा अकराव्या प्रकरणापर्यंत आला असून आजपासून कामाच्या नोंदी तारीखवार ठेवण्याचे ठरवले आहे. कथानकाचा काळ एप्रिल ते जुलै १९१० हा आहे आणि स्थळ मुख्यतः सदाशिव व शनिवार पेठ. या चार महिन्यांची निवड मी विचारपूर्वक केली. टिळक मंडालेच्या तुरुंगात आहेत, नाशिकला कलेक्टर जॅक्सनच्या खुनाला पाच महिनेही उलटलेले नाहीत, एप्रिलमध्ये त्या खुनाबद्दल अनंत कान्हेरे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली आहे, नवा प्रेस अ‍ॅक्ट लागू झाला आहे, ‘कीचकवध’ नाटकावर बंदी आली आहे, ६ मे रोजी सातवा एडवर्ड मरण पावतो, आणि या सगळ्यावर आकाशात हॅलेचा धूमकेतू आहे. एवढ्या दडपलेल्या शहरात घडलेला एक साधा, घरगुती, स्थावराचा गुन्हा मला सांगायचा आहे.

कथाबीज असे : १८९९ च्या प्लेगात निपुत्रिक वारलेल्या एका वाडेमालकाचे मृत्युपत्र अकरा वर्षांनी एकाएकी प्रकट होते. त्यावरील दोन्ही साक्षीदारही त्याच प्लेगात गेलेले आहेत. बनावट कागद करणाऱ्याला यापेक्षा सोयीचे साक्षीदार मिळणार नाहीत.

स्वतःवर एक अट घालून घेतली आहे. इतिहास हा या कादंबरीचा पडदा नसून तिचा खांब असला पाहिजे. १९१० हे साल काढून तिथे १९६० घातले आणि तरीही रहस्य तसेच सुटले, तर ते प्रकरण बाद करायचे.

९ जून

पहिलाच खांब आज कोसळला. मूळ आराखड्यात मृत्युपत्राऐवजी खरेदीखत होते आणि त्याचा उलगडा मुद्रांकाच्या कागदावरील राजाच्या चित्रावरून व्हायचा होता : दस्तावर तारीख १८९९ ची, पण छाप मात्र १९०१ साली गादीवर आलेल्या एडवर्डचा. हा पुरावा वाचकाला चटकन कळतो म्हणून मला फार आवडला होता. पण ज्या कारकुनाच्या हातून असे शेकडो दस्त जातात, त्याच्या नजरेतून ही चूक क्षणभरही सुटणार नाही, आणि जो इसम इतके कसबी अक्षर काढू शकतो तो इतकी ढोबळ चूक करणार नाही.

त्याहून मोठी अडचण कायद्याची निघाली. १८७७ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराचे खरेदीखत नोंदवणे सक्तीचे होते. वाड्याचे खरेदीखत नोंदवलेले नसेल तर ते कोर्टात टिकत नाही, आणि नोंदवलेले असेल तर त्याची नक्कल सबरजिस्ट्रारच्या दप्तरात असते. म्हणजे गुन्हा पहिल्या प्रकरणातच संपतो. मृत्युपत्राला मात्र नोंदणीची सक्ती नाही आणि मुद्रांकही लागत नाही. खऱ्या गुन्हेगाराने हाच मार्ग धरला असता, हे लक्षात आल्यावर खरेदीखत सोडून मृत्युपत्र घेतले. मुद्रांकाचा पुरावा हातचा गेला. गुन्हेगार मात्र अधिक हुशार झाला.

याच अनुषंगाने त्या काळी लागू असलेला १८७२ चा पुरावा कायदा पुन्हा वाचला. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून पुढे आला तर कलम ९० अन्वये तो खरा मानता येतो. अकरा वर्षांच्या कागदाला ही सवलत नाही. त्यामुळे हस्ताक्षर सिद्ध करणे भाग पडते, आणि कलम ७३ प्रमाणे न्यायाधीश मयताच्या कबूल हस्ताक्षराशी ते ताडून पाहू शकतो. म्हणजे मयताची जुनी पत्रे ज्याच्याकडे आहेत, त्याच्या घरी चोरी होणार हे ठरले. चोरीचे कारण मी दोन महिने शोधत होतो. ते कायद्याच्या एका कलमात पडून होते.

१६ जून

मोडी लिपीच्या वर्गाचा आज सातवा रविवार. कादंबरीसाठी म्हणून मी हा वर्ग धरला, पण आता अक्षराचीच गोडी लागली आहे.

आजचा धडा रेघेचा होता. देवनागरीत आपण शब्द लिहितो आणि मग त्यावर शिरोरेषा देतो. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड रेघ ओढून घेतो आणि मग तिला अक्षरे टांगत जातो. शब्दाशब्दांत अंतर सोडण्याची रीत नाही, आणि बोरू शक्य तेवढा कमी उचलायचा. आमच्या शिक्षिका म्हणाल्या, “रेघ नीट आली नाही तर पुढचं सगळं पानच नाचतं. आधी रेघ, मग अक्षर. ही सवय हातात मुरायला वर्ष लागतं.”

घरी येऊन बोरू आणि काळ्या शाईने दोन पाने लिहिली. एका पानावर सर्व रेघा आधी ओढून, त्या वाळू देऊन, मग मजकूर लिहिला. दुसऱ्यावर शब्द लिहीत लिहीत, त्याच्या डोक्यावर रेघ देत गेलो. साध्या डोळ्यांना दोन्ही पाने सारखी दिसतात. भिंगाखाली पाहिले तर पहिल्या पानावरील रेघ एकाच दमात गेल्यासारखी, उजवीकडे शाई संपत जाईल तशी फिकट होत गेलेली आहे. दुसऱ्या पानावर ती जागोजागी जाड व बारीक होते, आणि जिथे अक्षराचा काना ओला असतानाच तिला भेटला तिथे शाई किंचित फुटली आहे. हा माझ्या टेबलावरचा प्रयोग आहे, प्रयोगशाळेतला नव्हे. पण कादंबरीचा नायक असलेल्या दस्तलेखकाच्या हाती भिंग आणि तीस वर्षांचा सराव याखेरीज दुसरे तरी काय असणार?

बनावट कागद करणारा माणूस शाळेत बालबोध, म्हणजे देवनागरी, शिकलेला आणि मोडी नंतर आत्मसात केलेला आहे, हे आता कागदच सांगेल. अडचण एवढीच की आजच्या बहुतेक वाचकांना मोडी येत नाही आणि रहस्यकथेत वाचकाशी चोरी करायची नसते. म्हणून दुसऱ्या प्रकरणात नायकाची आत्या घरातील मुलाला मोडीचा कित्ता गिरवायला बसवते आणि रेघ आधी न ओढल्याबद्दल त्याच्या हातावर चापट देते, एवढा प्रसंग घातला आहे. तो घरगुती वाटला पाहिजे. तिथे एक शब्दही अधिक बोलायचा नाही.

२४ जून

भाषेची तपासणी. पात्रांच्या तोंडून आणि पत्रांतून ‘दिनांक’ हा शब्द काढून सर्वत्र ‘तारीख’ केला, कारण ‘दिनांक’ हा सावरकरांच्या भाषाशुद्धीतून पुढे रूढ झालेला शब्द आहे. ‘महापौर’ही त्याच कारणाने गेला. आत्या ‘प्लेग’ म्हणेल किंवा ‘गाठीचा ताप’. वैद्यबुवा आणि वर्तमानपत्र ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणतील. लोक घर सोडण्याचे कारण सांगताना ‘उंदीर पडू लागले’ एवढेच म्हणत, आणि त्यात सगळे येते.

‘केसरी’ दर मंगळवारी निघे, तर ‘ज्ञानप्रकाश’ १९०४ पासून दैनिक झाला होता. तिसऱ्या प्रकरणात नायक शनिवारी सकाळी ताजा केसरी उघडतो, असे लिहून गेलो होतो. दुरुस्त केले.

७ जुलै

भारत इतिहास संशोधक मंडळाचा आज स्थापना दिन. राजवाड्यांनी आणि खंडेराव मेहेंदळ्यांनी ७ जुलै १९१० रोजी मंडळ स्थापले, म्हणजे माझ्या कथानकाच्या अखेरच्या महिन्यात. आजवर हा योगायोग मी केवळ शेवटच्या प्रकरणाची शोभा म्हणून ठेवला होता. आज सकाळी सदाशिव पेठेतून चालत असताना लक्षात आले की तो कथेच्या गाभ्याचा आहे. ज्या वर्षी पुण्यातील काही माणसे वाड्यांच्या माळ्यांवरून जुनी दप्तरे खाली उतरवून ती वाचायला बसली, त्याच वर्षी दुसरा एक माणूस त्याच अक्षरात, त्याच जातीच्या कागदावर, खोटे दप्तर तयार करत होता. अस्सल पत्र आणि बनावट पत्र यांतला फरक ओळखणे हे संशोधकाचे आणि गुप्तहेराचे एकच काम आहे.

वाड्यांच्या वर्णनासाठी जुनी माणसे शोधतो तेव्हा बोलणे हमखास १२ जुलै १९६१ वर येऊन थांबते. पानशेतचे धरण फुटले त्या दिवशी नदीकाठच्या पेठांतून किती ट्रंका, किती वह्या वाहून गेल्या, हे सांगताना आजही आवाज बदलतो. आज भेटलेल्या आजींनी, पाण्यात गेलेल्या त्यांच्या सासऱ्यांच्या रोजकीर्दीचे वर्णन भांड्यांच्याही आधी केले. त्यांचे हे बोलणे कादंबरीत वापरणार नाही. तरी ते इथे नोंदवून ठेवावेसे वाटले.

१४ जुलै

घड्याळांचा प्रश्न. यावर तीन आठवडे गेले आणि आज त्याचा निकाल लावला.

हिंदुस्थानची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून अमलात आली, परंतु मुंबई शहराने आपली मुंबई वेळ सोडली नाही. महापालिकेची घड्याळे पुढे १९५५ पर्यंत त्याच वेळेवर चालली. ही वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटे मागे. यावर मी एक देखणा बनाव रचला होता. संशयित संध्याकाळी पुण्यात दिसतो. गिरगावातील यजमान शपथेवर सांगतो की तो नऊ वाजता माझ्याकडे जेवायला बसला होता. आणि कथेतील गाडी तर साडेनऊला बोरीबंदरला पोचते. म्हणजे तो त्या गाडीने आलाच नव्हता, असा सर्वांचा समज होतो. मात्र यजमानाचे नऊ म्हणजे रेल्वेचे नऊ वाजून एकोणचाळीस मिनिटे. आजच्या वाचकाला यातून नक्कीच धक्का बसेल.

पण १९१० सालच्या माणसाला तो बसणार नाही. मुंबईकर रोज दोन वेळांत जगत होता. गाडी पकडायची तर हा हिशेब त्याच्या जिभेवर असे, आणि कुठलाही फौजदार पहिला प्रश्न हाच विचारेल की नऊ कोणत्या घड्याळाचे. जी गोष्ट पात्रांच्या अंगवळणी पडलेली आहे तिचे कोडे करायचे असेल, तर सगळ्या पात्रांना मूर्ख करावे लागते. ऐतिहासिक रहस्यकथा वाचताना माझा रसभंग बहुधा इथेच होतो : लेखकाला दप्तरात एखादी नवलाची गोष्ट सापडते आणि तिच्यासाठी तो अख्ख्या काळाला अडाणी ठरवतो.

म्हणून हा बनाव काढून टाकला. तीन प्रकरणे गेली. वेळांचा फरक आता केवळ एका वाक्यात राहिला आहे. स्टेशनावर उतरताच नायक खिशातले घड्याळ न काढता मनातल्या मनात मिनिटे वजा करतो. आत्या तर वेळ घटकांतच सांगते, एक घटका म्हणजे चोवीस मिनिटे, आणि तिच्या हिशेबाला दोन्ही घड्याळांची गरज नाही. तिच्या या सवयीचा पुढे उपयोग होईल असे आतून वाटते आहे.

२८ जुलै

नायक कोण, हे पुन्हा एकदा तपासले. १९०२-०३ च्या पोलीस आयोगानंतर प्रांतोप्रांती गुन्हे तपासाचे स्वतंत्र खाते निघाले होते. त्यामुळे खात्यातील अधिकारी नायक करणे कागदोपत्री शक्य आहे. पण १९१० च्या पुण्यात ‘गुप्त पोलीस’ या शब्दाला जो वास होता तो पाहता, त्याच्यासाठी पेठेतील एकही दिंडी दरवाजा उघडला नसता. तेव्हा कोर्टाबाहेर चटई टाकून बसणारा दस्तलेखकच बरा. त्याला सगळे ओळखतात, त्याच्यासमोर सगळे बोलतात, आणि माणसाच्या आधी कागद वाचण्याची त्याला सवय आहे. फौजदार हा त्याचा शत्रूही नाही आणि शिष्यही नाही. दोघे एकमेकांना ‘रावसाहेब’ आणि ‘शास्त्रीबुवा’ म्हणतात व परस्परांपासून अर्धी गोष्ट लपवून ठेवतात.

शेवटी गुन्हेगार फौजदारापुढे सर्व कबूल करतो, हा प्रसंगही मागे घेतला. त्याच पुरावा कायद्याच्या कलम २५ प्रमाणे पोलिसापुढील कबुली पुरावा होत नाही. कलम २७ मात्र उपयोगी आहे : कोठडीतील आरोपीच्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या माहितीचा तेवढा भाग ग्राह्य धरता येतो. त्यामुळे कबुलीच्या जागी आता बोरूंचा कलमदान, मृत्युपत्राचे चार कच्चे खर्डे आणि त्यांच्या जप्तीचा पंचनामा आहे.

४ ऑगस्ट

या महिन्यातील सर्वांत आनंदाचा दिवस. अंगठ्याचे प्रकरण जमले.

मृत्युपत्रावरील दुसरा साक्षीदार निरक्षर कुळवाडी आहे. जुन्या कागदांवर कुळवाडी नांगराचे चित्र निशाणी म्हणून काढत, आणि माझ्या पहिल्या खर्ड्यात तेच होते. पण नांगर कोणीही काढू शकतो. त्यातून काही सिद्ध होत नाही. बनावट करणाऱ्याने खबरदारीच्या अतिरेकात अंगठा उठवला तर? मयत साक्षीदाराचा अंगठा कोण ताडून पाहणार, असे त्याला वाटते. स्वतःचा अंगठा उठवण्याइतका तो बेसावध नाही. तो वाड्यावरील एका गड्याचा उठवतो, त्याला चार रुपये देतो आणि दूर पाठवून देतो. म्हणजे कागदावर १८९९ साली मेलेल्या माणसाचा अंगठा आहे आणि तो अंगठा १९१० साली जिवंत आहे.

ठशांचे शास्त्र तेव्हा हिंदुस्थानात अगदी नवे नव्हते. कलकत्त्याला १८९७ साली ठशांचे कार्यालय निघाले होते, आणि ज्या वर्गीकरणाला एडवर्ड हेन्री या पोलीस अधिकाऱ्याचे नाव मिळाले त्यामागे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांची मेहनत होती. १८९९ च्या दुरुस्तीने पुरावा कायद्याच्या कलम ४५ मध्ये ठशांविषयीचे तज्ज्ञमत आले. पण न्यायालये किती जपून पावले टाकत होती हे जलपायगुडीच्या खटल्यात दिसते : चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला, पंचांगावर रक्ताळलेला ठसा मिळाला, आणि त्या ठशावरून आरोपीला शिक्षा झाली ती चोरीची, खुनाची नव्हे. माझ्या दस्तलेखकालाही हे ठाऊक आहे. म्हणून केवळ ठशावर न थांबता त्याला तो गडी जिताजागता कोर्टापुढे उभा करावा लागतो, आणि इथून कादंबरी पेठ सोडून घाटाकडे धाव घेते.

१८ ऑगस्ट

गडी बोरघाटात रेल्वेच्या कामावर आहे, असे ठरवले. रेल्वेत आयुष्य घालवलेल्या शेजारच्या काकांबरोबर दिवसभर बसून घाटाचा आराखडा काढला. १८६३ साली खुल्या झालेल्या या मार्गावर चढण काही ठिकाणी सदतीस फुटांमागे एक फूट एवढी होती आणि मधल्या रिव्हर्सिंग स्टेशनात गाडीचे तोंड फिरत असे : गाडी आत शिरायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचे आणि शेवटचा डबा पहिला व्हायचा. ही व्यवस्था १९२० च्या दशकाच्या अखेरीस बंद झाली.

पाठलागाला याहून चांगली जागा कुठे मिळणार? गुन्हेगार नेहमीचा प्रवासी असल्याने तो फसणार नाही, हा धडा मी घड्याळांवरून शिकलो आहे. फसतो तो दस्तलेखकाचा भाचा, जो आयुष्यात प्रथमच घाट उतरतो आहे. आपण गाडीच्या शेपटाशी लपलो आहोत अशा समजुतीत तो अंधारात बसून राहतो आणि तोंड फिरल्यावर इंजिनाच्या उजेडात सापडतो. काकांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “पोराला बाहेर डोकावू देऊ नका म्हणजे जमेल. बोगद्यात डोळ्यात कोळशाचा कण गेला की कुणीही खिडकी बंदच करतं.” तो कण आता प्रकरणात आहे.

भुयाराची सूचना दोघा वाचक मित्रांनी पुन्हा केली. पुण्यातील प्रत्येक वाड्यातून पर्वतीला किंवा सिंहगडाला भुयार जाते, हे मीही लहानपणापासून ऐकत आलो आहे. घेणार नाही. वाड्याच्या हौदाला कात्रजच्या नळाचे पाणी येते, एवढे पुरेसे आहे.

२५ ऑगस्ट

नकाशाची तपासणी. नवा पूल १९२३ चा, म्हणून भाच्याला लकडी पुलावरून फिरवले. पुणे स्टेशनची आजची इमारत १९२५ ची. तिचे वर्णन काढले. बाकी ठीक.

१ सप्टेंबर

खटल्यातील उलटतपासणी आज पूर्ण झाली.

मयताच्या पत्रांची चोरी २३ मे १९१० च्या पहाटे झाली. संशयिताच्या बाजूचा साक्षीदार जुलैमध्ये सांगतो की त्या पहाटे आम्ही दोघे सिंहगडाच्या पायथ्याशी होतो आणि पूर्वेला शेंडेनक्षत्र पाहत उभे होतो. साक्ष पढवलेली आहे, पण पढवणाऱ्याने मे महिन्यात धूमकेतू खरोखरच पहाटे पूर्वेला पाहिलेला होता. दोन महिन्यांनी कोर्टातही तेच सर्वांना आठवते, आणि म्हणून कुणालाच त्यात खोट दिसत नाही. वस्तुतः मेच्या १८-१९ तारखेच्या सुमारास धूमकेतू सूर्यासमोरून गेला. त्याआधी तो पहाटे पूर्वेला दिसे, त्यानंतर संध्याकाळी पश्चिमेला. घड्याळांप्रमाणे ही रोजची सवय नव्हती, पाऊणशे वर्षांनी एकदा घडलेली गोष्ट होती. इथे माणसांचे विसरणे खरे वाटते.

हे ज्याने विसरायचे नाही असे एकच पात्र आहे. चैत्री पौर्णिमेपासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत आत्या रोज पहाटे वैशाखस्नानाला उठत होती, आणि २४ मे रोजी तिचे स्नान पुरे झाले. दिवस तिने तारखांनी नव्हे, स्नानांनी मोजले आहेत. तिला कोर्टात आणायचे की नाही यावर बराच विचार केला. शेवटी ती कोर्टात येत नाही. रात्री दस्तलेखक दमून घरी येतो, साक्षीदाराचे बोलणे तिला सांगतो, आणि ती वाती वळता वळता म्हणते :

“शेवटचे चार-पाच दिवस कुठलं रे पूर्वेला? मी रिकामं आभाळ बघत पाणी घेतलंय अंगावर. दिव्याच्या वेळी वृंदावनापाशी उभं राहिलं की समोर मावळतीला असायचं ते. तूच नाही का आलास बघायला, हातातलं ताट टाकून?”

पुढचे वाक्य लिहिले नाही. दस्तलेखक उठून कंदील घेतो आणि वकिलांच्या घराकडे निघतो, तिथे प्रकरण थांबवले आहे.

उद्यापासून दुसरा खर्डा. आधी दुसऱ्या प्रकरणात जाऊन आत्याचे पहाटेचे उठणे कित्त्याच्या प्रसंगाच्या आधी, एका वाक्यात घालायचे आहे.